यंदा मुंबईला घाटाने

आपल्या वस्तीतली माणसे प्रवास काही कमी करीत नाहीत. कुणाचे लग्न असते, कुणाचा जलदान विधी असतो, इस्पितळ असते, कोर्टाची तारीख असते. सहा डिसेंबरला तर घरटी एक माणूस मुंबईला जातोच. परंतु नुसते पाहण्यासाठी, मुलाबाळांना घेऊन, मनाला येईल तिथे थांबत केलेला प्रवास आठवा म्हटले तर बहुतेक घरे गप्प बसतात. आमचेही घर त्यातलेच. म्हणून येत्या दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याहून मुंबईला गाडी करून, आणि तीही महाबळेश्वर-महाडच्या घाटरस्त्याने जायचे, असे आम्ही ठरविले आहे.

बातमी फुटताच पहिला आक्षेप विहारातल्या एका ज्येष्ठांनी घेतला. "ही शेठलोकांची चैन. तेवढ्या पैशांत चार पोरांची पुस्तके येतील." त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. पुस्तकांची वर्गणी आम्ही देतो आणि देत राहू. पण लग्नात बँडवर एका संध्याकाळी उडणाऱ्या पैशाचा हिशेब कोणी मागत नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आयुष्यात एकदा डोळे भरून काही दाखवायचे म्हटले की तेवढी मात्र उधळपट्टी होते! हे काही आम्हाला पटले नाही. अट एकच घातली: कर्ज काढायचे नाही. आमचे व धाकट्या भावाचे असे दोन्ही घरांतून दरमहा हजार-हजार रुपये बाजूला टाकले. दिवाळीपर्यंत २४,००० होतात. तेवढ्यात बसेल तेवढेच फिरायचे.

कारकुनी पेशा असल्यामुळे वही आली आणि वहीत रकाने आले. गाडी ठरविताना नुसता किलोमीटरचा दर विचारून भागत नाही. बरेच गाडीवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. गाडी त्याहून कमी फिरली तरी पैसे तेवढेच. चालकाचा रात्रीचा भत्ता, टोल आणि पार्किंग कुणाकडे, हे आधी कागदावर घ्यावे. मुक्काम मुंबईत बहिणीकडे, म्हणजे लॉजचा रकाना एका रात्रीपुरताच.

मुलांना अटल सेतू आणि राणीच्या बागेतले पेंग्विन हवे होते. आईला विचारले तर म्हणाली, "मला समुद्र बघायचाय." आम्ही म्हणालो, "आई, तू तर पंधरा वेळा दादरला गेली असशील." ती म्हणाली, "गेले की. पण उभ्यानं, रांगेतनं. एकदा बसून बघायचाय." यावर कोणाला काही बोलता आले नाही. वहीत पहिल्या ओळीवर 'समुद्र, बसून' असे लिहिले.

आता रस्ता. पुण्यावरून द्रुतगती मार्गाने गेलो तर साताऱ्याहून मुंबई चार-पाच तासांत येते. घाटाने अंतर सुमारे २८० किलोमीटर, पण वेळ जवळजवळ दुप्पट. तरी हाच रस्ता का? तर या रस्त्याने नदीच्या संगतीने जाता येते. साताऱ्याहून मेढ्याकडे निघालो की वेण्णा नदी सोबतीला असते. केळघरचा घाट चढून महाबळेश्वरला पोचलो म्हणजे तिच्या उगमाशी आलो. तिथेच सावित्रीही उगम पावते, पण ती पाठ फिरवून कोकणात उतरते. आपणही तिच्यामागून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे. पाऊस सरल्यावर हे डोंगर हिरवेगार असतात, कड्यांवरून पाण्याच्या धारा अजून ओघळत असतात, आणि वळणावळणाला प्रतापगड दिसतो-लपतो. एसटीच्या खिडकीतून हे आम्ही पाहिले आहे. पण एसटी आपल्यासाठी थांबत नाही.

भर पावसात मात्र या घाटाचे नाव काढू नये. २०१८ च्या जुलैत इथेच बस दरीत कोसळून ३० जण गेले. २०२१ च्या जुलैत दरडींनी रस्ताच तोडला. म्हणून आमचा नियम: पाऊस असेल तर बेत पुढे ढकलायचा, घाट उजेडात उतरायचा आणि रात्री महाडला मुक्काम करायचा.

प्रवासाची आखणी म्हटली की साताऱ्याच्या माणसाला १९०१ सालचा एक प्रवास आठवतोच. लहानगे भीमराव घरातल्या मुलांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे, नवा उत्साह. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणी नाही, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. दुप्पट भाडे कबूल करून बैलगाडी मिळाली. शिदोरी बरोबर होती, पण जात कळल्यावर वाटेत पाणी कुणी दिले नाही. मुलांनी रात्र उपाशी काढली. मुलांचा आनंदाचा प्रवास असा झाला होता. म्हणून महाडच्या पुढे नुसते निघून जायचे नाही. सावित्रीकाठच्या या गावात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. तळ्याच्या पायरीवर बसूनच मुलांना मसूरची गोष्ट सांगायची, असे आम्ही ठरविले आहे. हायवेलगतची गांधारपाले लेणी सकाळी उन्हाआधी पाहायची.

आता घरातल्या बाईचे. आमच्या मंडळींनी साफ सांगितले, "मी येईन, पण स्टोव्ह येणार नाही." योग्यच सांगितले. आजवर प्रत्येक प्रवासात त्या पहाटे तीनला उठून पिठले-भाकरी बांधत आल्या आणि परगावी गेल्यावरही चुलीपुढेच बसल्या. तेव्हा ठरले असे: पहिल्या दिवसाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून करायची. कणीक मुलगे मळतील. पुढचे जेवण खानावळीत. बायका-मुलींसाठी स्वच्छतागृह असेल अशा ठिकाणीच, म्हणजे एसटी स्टँड किंवा पेट्रोल पंपाशी, दर दोन तासांनी थांबायचे. आईने आणखी एक भर घातली: "त्या गाडीवाल्या पोराच्या जेवणाचं काय?" तो आमच्याच पंगतीला बसेल, आणि त्याची झोप पुरी झाल्याशिवाय गाडी हलणार नाही.

महाडपासून पुढे मुंबई-गोवा महामार्ग. याचे रुंदीकरण २०११ पासून वर्षानुवर्षे रेंगाळले. म्हणून वेळेचा हिशेब सैल ठेवला आहे. माणगाव, कोलाड, पेण करीत पनवेलजवळून चिर्ल्याकडे वळले की अटल सेतू. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला हा पूल जवळपास २२ किलोमीटर लांब आहे. पुलावर गाडी थांबवून फोटो काढायला मनाई आहे, हे मुलांना आताच सांगून ठेवले. मुंबईत राणीची बाग बुधवारी बंद, कान्हेरी लेणी सोमवारी बंद. वार बघूनच दिवस धरले. हिंदू कॉलनीतले राजगृह पाहायचे. आणि एक अख्खी संध्याकाळ चैत्यभूमीला वंदन करून दादरच्या चौपाटीवर चटई टाकायची. त्या संध्याकाळच्या रकान्यात दुसरे काही लिहिलेले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, गाडीच करावी असे नाही. एसटी आहे, रेल्वे आहे. मुंबईच नको असेल तर जवळचे धरण, जवळची लेणी आहेत. पण वही काढा, महिन्याला झेपेल ते बाजूला टाका आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुला काय बघायचे आहे? सर्वांत आधी त्या माणसाला विचारा, ज्याला आजवर कोणी विचारलेले नाही.