भीमेपलीकडचं रिजेक्शन

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत माझा प्रेसकामाचा छोटा कारखाना आहे. स्प्रिंग स्टीलच्या क्लिपा आम्ही बनवतो; जस्ताचं प्लेटिंग जॉबवर्कवर दौंड तालुक्यातून करून घेतो. माल न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून जातो.

प्लेटिंग डागाळलं किंवा पातळ बसलं, की तोच माल आम्ही परत पाठवायचो. तिथे आम्लात जुनं जस्त उतरवून नवं चढवत. आमच्या वहीत ते ‘रिवर्क’. रिजेक्शनच्या आकड्यात मी ते कधी धरलंच नाही. भंगारात जवळजवळ काहीच जात नाही, म्हणजे आपण पर्यावरण जपतो, असं मी मनापासून मानत होतो.

मग एका लॉटच्या क्लिपा ग्राहकाकडे बसवल्यावर दुसऱ्या दिवशी आपोआप तुटू लागल्या. आमच्याकडून निघताना त्या पास झाल्या होत्या. मी प्लेटिंगवाल्याला दोष दिला आणि त्याचं बिल अडवलं.

खरं कारण हायड्रोजन होतं. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत तो कडक पोलादात शिरतो. ताण पडला, की काही तासांनी किंवा दिवसांनी तडा जातो. म्हणून प्लेटिंगनंतर साधारण 4 तासांच्या आत माल भट्टीत घालून 190 ते 220 अंश सेल्सिअसला कित्येक तास तापवावा लागतो. माझ्या ऑर्डरवर दर होता, थराच्या जाडीचे मायक्रॉन होते. भट्टीचा उल्लेख नव्हता. शिवाय रिवर्कचा माल आम्लात पुन्हा बुडत होता.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी प्लेटिंगवाल्याकडे गेलो. मागच्या भिंतीला टाक्यांच्या सांडपाण्यातून निघालेल्या गाळाची पोती रचलेली होती. तो म्हणाला, ‘‘साहेब, यातला बराचसा गाळ तुमच्याच परत आलेल्या मालाचा आहे.’’ घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार असा गाळ घातक कचरा ठरतो. त्याच्या विल्हेवाटीची अधिकृत सोय माझ्याच रांजणगावात आहे. पण तिथवर पोचवण्याचा खर्च मी घासून कमी केलेल्या दरात बसत नव्हता.

बिल त्याच दिवशी दिलं, माफीही मागितली. आता ऑर्डरवर भट्टीचं तापमान आणि वेळ असते, दरात गाळाचा खर्च असतो. नापास क्लिपा आम्लात न घालता भंगारात देतो; पोलाद पुन्हा वितळतं. नापास झालेला प्रत्येक नग रिजेक्शनमध्ये मोजतो.

पहिल्याच महिन्यात तो आकडा तिप्पट दिसला. तेवढं रिजेक्शन आधीही होतंच. मी ते नदीपलीकडे ठेवलं होतं.