शिखरजीची वाट आणि मित्रांची साथ

झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील मधुबन हे लहानसे गाव हिवाळ्यात पहाटे दोन-तीनच्या सुमारास जागे होते. धर्मशाळांच्या दारांशी काठ्यांची टकटक ऐकू येते, डोलीवाले एकमेकांना हाका घालतात आणि विजेऱ्यांचे ठिपके एकामागून एक डोंगराकडे सरकू लागतात. समोर अंधारात सम्मेदशिखरजी उभा असतो. चोवीसपैकी २० तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. उंची १,३६५ मीटर. सुमारे ९ किलोमीटर चढ, तितकीच टोंकांची परिक्रमा आणि तितकाच उतार, अशी एकूण २७ किलोमीटरांची वंदना एका दिवसात होते. पुष्कळ यात्रेकरू ती अनवाणी आणि निराहार करतात.

मित्रांच्या मंडळाने ही वंदना करायचे ठरवले, की तिची खरी तयारी मधुबनात नव्हे, आपल्या पेठेतच व्हावी लागते.

पहिला प्रश्न तारखेचा. चातुर्मासात पाऊस असतो. दिवाळीत वहीपूजन, त्यानंतर लग्नसराई. शिवाय दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावयाचे कराचे विवरणपत्र. व्यापाऱ्याला सलग आठ दिवस दुकान दुसऱ्यावर सोपवणे सोपे नसते. म्हणून प्रत्येकाच्या सोयीची तारीख शोधत बसण्यापेक्षा, कोणाला कोणते दिवस मुळीच शक्य नाहीत ते आधी लिहून घ्यावे. उरलेल्या दिवसांतून एक तारीख पक्की करावी आणि मग ती हलवू नये. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. त्या दिवशी नावे, वये आणि पैसे एका हाती असले, तरच सर्वांना एका डब्यात जागा मिळण्याची आशा. प्रयागराज-गयामार्गे हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने पारसनाथ स्थानकावर उतरावे; तेथून मधुबन सुमारे २५ किलोमीटर आहे.

व्यापाऱ्यांनी संघ काढून शिखरजीला जाण्याची परंपरा जुनी आहे. व्यापारी-कवी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात जवाहिरे हिरानंद मुकीम यांच्या शिखरजी-संघाची हकीकत येते. बनारसीदासांचे वडील खरगसेन त्या संघात सामील झाले होते. परतीच्या प्रवासात अनेक यात्रेकरू आजारी पडले. खरगसेनही आजारी होऊनच घरी पोहोचले. संघ नेणे जितके पुण्याचे, तितकेच सर्वांना सुखरूप परत आणणे जोखमीचे, हे त्या काळच्या व्यापाऱ्यांनी अनुभवलेले होते. आज वाट सोपी झाली, तरी ती जोखीम संपलेली नाही. गाळलेले पाणी, नेहमीची औषधे, रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांच्या नावांची यादी, ही एखाद्याने आपल्याकडे घ्यायची जबाबदारीच असते.

दुसरा प्रश्न पैशांचा. बालपणीचे मित्र शाळेत एका बाकावर बसलेले असतात; पुढे एकाची घाऊक पेढी होते, दुसऱ्याचे लहानसे दुकान राहते. मैत्रीत हा फरक जाणवत नाही, प्रवासात मात्र जाणवू शकतो. यावर उपाय व्यापाऱ्याच्या घरातलाच आहे: दोन वेगळी खाती. तिकिटे, निवास, भोजन आणि वाहन हा सामाईक खर्च; तो सर्वांना झेपेल अशा बेताने आखावा, सारखा वाटावा आणि रोज रात्री वहीत मांडावा. दान मात्र ज्याचे त्याने, ज्याच्या त्याच्या इच्छेने आणि शक्यतो गाजावाजा न करता द्यावे. दानाची सामाईक वर्गणी ठरली, की कोणा एकाला आपल्या ऐपतीपलीकडे होकार द्यावा लागतो, आणि तो होकार पुढे वर्षानुवर्षे सलत राहतो.

तिसरी गोष्ट भोजनाची. डिसेंबरात महाराष्ट्रात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मधुबनात तो जवळजवळ एक तास आधी, पाचच्या सुमारास मावळतो. घरच्या सवयीने सहाच्या आत जेवू, असे समजून निघालेले मंडळ डोंगर उतरेपर्यंत भोजनाची वेळ टळलेली असते. दिवसभर उपाशीपोटी चाललेल्यांवर मग रात्रही उपाशी काढण्याची पाळी येते. म्हणून पहाटे केव्हा निघायचे, हे संध्याकाळच्या ताटावरून मागे मोजत ठरवावे आणि भोजनशाळेत आदल्या दिवशीच वर्दी द्यावी.

सर्वांत कठीण प्रश्न चालीचा. प्रत्येक मंडळात एखाद्याचा गुडघा दुखरा असतो, आणि तो ते सांगत नाही. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होऊ नये, म्हणून तो हसत निघतो. चढ संपून गौतम गणधरांची टोंक येते, तेव्हा त्याचे पाय थकलेले असतात. येथून एक वाट दूरच्या चंद्रप्रभूंच्या टोंकेकडे जाते; तीत चढउतार पुष्कळ. दुसरी वाट सर्वांत उंचावरील पार्श्वनाथांच्या टोंकेकडे वळते. त्याच जागी, थंडीवाऱ्यात, ‘तू ये’, ‘नको, तुम्ही जा’ अशी ओढाताण सुरू झाली, की मागे राहणारा ओशाळतो आणि पुढे जाणारे अस्वस्थ मनाने वंदना करतात.

हे टाळायचे, तर हा निर्णय पेठेतच झाला पाहिजे. डोली घेणे हा कमीपणा नव्हे, हे सर्वांत धडधाकट मित्राने सर्वांसमक्ष म्हणावे. डोलीचा खर्च सामाईक खात्यात धरावा, म्हणजे कोणाला मागावा लागत नाही. चढताना सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे. गौतम गणधरांच्या टोंकेपाशी ज्याचे पाय थकतील, त्याने सरळ पार्श्वनाथांकडे वळावे आणि त्याच्या सोबत कोण थांबेल, हेही निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. सोबत थांबणाऱ्याची त्या दिवशीची परिक्रमा राहते. ते त्याने मनापासून पत्करलेले असले, तर ती उणीव राहत नाही.

दुपारकडे मंडळाचे उरलेले गडी सर्व टोंका करून पार्श्वनाथांच्या पायऱ्या चढतात, तेव्हा ते दोघे वर वाट पाहत बसलेले असतात. मग सर्वजण एकत्र दर्शन घेतात आणि उताराला लागतात. पाच वाजायच्या आत मधुबनात सगळी ताटे मांडलेली असावीत आणि एकही रिकामे राहू नये, एवढ्यासाठीच ही सारी आखणी.