नातीची गोधडी

मुलांची वाढ घरातील माणसांच्या डोळ्यांना चटकन दिसत नाही. ती वस्तूंना आधी कळते. चप्पल आखूड होते, झग्याची बाही मनगट सोडून वर सरकते आणि एखाद्या थंडीत पांघरूण ओढता ओढता पाय उघडे पडतात. आमच्या नातीचेही असेच झाले. ती चार वर्षांची असताना तिच्या आजीने तिच्यासाठी एक लहानशी गोधडी शिवली होती. गोधडीच्या मधोमध एक हत्ती होता आणि त्याच्याभोवती ससे होते. यंदा नातीला बारावे वर्ष लागले. गोधडी गळ्यापर्यंत घेतली की पाय बाहेर, आणि पायांवर घेतली की खांदे बाहेर! त्यातच जिन्याजवळची छोटी खोली तिच्या अभ्यासासाठी व निजण्यासाठी मोकळी करून देण्यात आली. नव्या खोलीत नवी गोधडी हवीच, असे सर्वांचे मत पडले. ती कशी असावी, हे मात्र सहजासहजी ठरेना.

गोधडी शिवावयाची, त्यात ठरवावयाचे ते काय, असे तुम्हांला वाटेल. जुनी लुगडी, विरलेली धोतरे, फाटके सदरे यांचे थर एकावर एक पसरावयाचे, खाली अस्तर, वर चांगले कापड घालावयाचे आणि कडेकडून आत धावदोरा घालीत जावयाचे, की झाली गोधडी! कोणी तिला वाकळही म्हणतात. पण हे काम दिसते तेवढे सोपे नाही. गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. ती स्थिर हवा आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. ते थर सरकले, एका कोपऱ्यात गोळा झाले, तर पांघरूण असूनही माणूस कुडकुडतो. म्हणून साऱ्या थरांना जागच्या जागी धरून ठेवणारा तो बारीक टाका हाच गोधडीचा खरा प्राण होय. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही सारी याच साध्या टाक्याची लेकरे आहेत. सिद्दी स्त्रिया तर कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी-बोडकी वाटते.

टाका एकच असला, तरी वरचा नमुना हजार तऱ्हांचा असू शकतो. नातीच्या आजीने कागदावर तीन नमुने काढून तिच्यापुढे ठेवले. पहिल्यात पिसारा फुलविलेला मोर होता. दुसऱ्यात त्रिकोणी तुकडे जोडून साकारलेला आठ टोकांचा तारा होता. तिसऱ्यात काहीच नव्हते, म्हणजे नुसते चौकोन होते. एक गडद, एक फिका, पुन्हा एक गडद, बुद्धिबळाच्या पटासारखे. नातीने क्षणाचाही विचार न करता मोरावर बोट ठेवले.

आजी "नको" म्हणाली नाही. ती म्हणाली, "बरे. आधी तुझी ती हत्तीची गोधडी आण पाहू."

गोधडी आली. हत्तीची सोंड झिजून तिचे धागे निघाले होते. एक ससा कधीच गळून पडला होता. आजीने विचारले, "हिच्यावरचा हत्ती तुला अजून आवडतो का गं?"

नात हसली. "आजी, हत्ती म्हणजे अगदी लहान मुलांचा!" एवढे बोलून ती थांबली. तिचे बोट अजून मोराच्या पिसाऱ्यावर होते. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी कॉलेजात जाईन तेव्हा हा मोरही मला लहान मुलांचा वाटेल?"

"ते मी कसे सांगू?" आजी म्हणाली. "पांघरायची आहे तुला. तूच विचार कर."

तो दिवस नातीने विचारातच घालविला. तारा तिला सुंदर वाटत होता. पण त्रिकोण कापावयाचे म्हणजे कापडाला तिरकी कात्री लावावी लागते, आणि तिरके कापलेले जुने, मऊ कापड ताणले जाऊन टोकाला टोक जुळत नाही, हे आजीने तिला चिंधी ताणून दाखविले. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, नुसते चौकोन म्हणजे फारच साधे नाही का दिसणार?"

मी तिला एक जुनी कथा सांगितली. बौद्धांच्या विनयपिटकात ती आली आहे. भगवान बुद्ध मगध देशातून प्रवास करीत असता त्यांना भाताची खाचरे दिसली. बांधांनी आखलेली, रांगेने मांडलेली, जागोजागी एकमेकांना छेदणारी. त्यांनी शिष्य आनंद याला विचारले, की भिक्षूंची चीवरे अशीच करता येतील का? आनंदाने कापडाचे तुकडे तसे जोडून चीवर सिद्ध केले. शेताच्या बांधांचा तो साधा नमुना आजही अनेक देशांतील भिक्षूंच्या अंगावर पाहावयास मिळतो. शेताचा आकार कधी जुना होत नाही. दरवर्षी त्यात नवे पीक उभे राहते. बांध मात्र तेच असतात.

नात काही बोलली नाही. तिने वही व पट्टी घेतली आणि गणित मांडावयास बसली. आज तिची उंची चार फूट आठ इंच. पण गोधडी आजच्या उंचीची केली, तर दोन-तीन वर्षांत पुन्हा हाच प्रश्न उभा राहणार. म्हणून लांबी ८१ इंच व रुंदी ५४ इंच ठरली. शिवून नऊ इंच भरणारा चौकोन घेतला, तर रुंदीत सहा व लांबीत नऊ, असे ५४ चौकोन लागतात; २७ गडद आणि २७ फिके. प्रत्येक बाजूस अर्धा इंच शिवणीत जाणार, तेव्हा कापड कापावयाचे ते दहा इंचांचे! शाळेच्या फळ्यावर मी अशी कितीतरी उदाहरणे घातली असतील; पण उत्तर मिळाल्यावर एखाद्या मुलीचे डोळे इतके चमकलेले क्वचितच पाहिले.

आता प्रश्न कापडाचा. फिके चौकोन आजीच्या जुन्या, पिवळसर पाचवारीतून निघणार होते. गडद कापड मात्र घरात एकच होते. माझ्या आईचे इरकली लुगडे! गर्द निळे, लाल काठांचे. आई गेल्यापासून ते पेटीत होते. वर्षातून एकदा मी ते बाहेर काढीत असे, ऊन दाखवीत असे आणि पुन्हा घडी घालून ठेवीत असे. त्या लुगड्यावर कात्री चालवावयाची, ही कल्पनाच मला सोसवेना. माझ्या मनात काय चालले आहे, हे घरात सर्वांना ठाऊक होते. म्हणून कोणी त्या पेटीचे नावही काढीत नव्हते.

ते काढले नातीनेच. "आजोबा, पणजीचे लुगडे आता कोण नेसणार?" तिच्या स्वरात हट्ट नव्हता. उत्तर हवे म्हणून विचारलेला तो सरळ प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी पेटी उघडली. लुगडे उजेडात धरले, तो घडीच्या रेषांवर ते विरत चालले होते. एका रेषेवर तर आरपार उजेड दिसत होता. पेटीत ठेवलेली वस्तूही काळाच्या हातून सुटत नाही. आईने आयुष्यभर कोणतेही वस्त्र पेटीसाठी वापरले नव्हते. लुगडे विरले की त्याचे दुपटे, दुपटे फाटले की पोतेरे, हा तिचा शिरस्ता! मी लुगडे नातीच्या हाती दिले. विरलेल्या रेषा टाळून तिने खडूने चौकोन आखले. पहिली कात्री तिने मला लावावयास सांगितली. ती मी लावली.

दिवाळीनंतर सुरू झालेले काम संक्रांतीपर्यंत चालले. आतल्या थरांसाठी माझी तीन जुनी धोतरे कामी आली. शाळेतून आल्यावर नात रोज अर्धा तास आजीजवळ बसे. तिचा धावदोरा प्रथम नागमोडी जाई. आजीने तो उसवला नाही. त्यामुळे आज कडेची पहिली ओळ वाकडी आहे, तिसरी थोडी सुधारलेली आहे आणि मधल्या ओळींत आजीचे टाके कोणते व नातीचे कोणते, हे मलाही सांगता येत नाही. हत्तीची गोधडी तिच्या धाकट्या मामेभावाकडे गेली असून तेथे हत्तीचा मान पूर्ववत चालू आहे.

साधेपणा म्हणजे काहीतरी कमी असणे, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. मोराची गोधडी पहिल्या दिवशीच पूर्ण झालेली असते; तिला आणखी काही व्हावयाचे उरत नाही. चौकोनांच्या गोधडीत पुढच्या वर्षांसाठी जागा असते. मोराचा डोळा फाटला तर सारा मोर बिघडतो. चौकोन फाटला तर तेवढा बदलता येतो, आणि बदललेला चौकोन नव्या वर्षाची खूण होऊन राहतो. वाढत्या वयाच्या मुलीला जे द्यावयाचे, ते तिच्याबरोबर वाढू शकेल असे असावे. गोधडीला जे लागू, तेच पुस्तकांना, सवयींना आणि विचारांनाही लागू आहे.

नातीने प्रत्येक रंगाचे दोन चौकोन जादा कापून पेटीत ठेवले आहेत. त्यांच्यावर तिने चिठ्ठी टाचली आहे: "पुढे लागतील."