शांतीची खूण



गेल्या प्रायश्चित्तकाळात दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने विचारले, "टीचर, धर्म नसता तर जगात मारामाऱ्या कमी झाल्या असत्या ना?" वर्ग घेणाऱ्या आम्ही तिघी. तिघींनी एकमेकींकडे पाहिले. भांडतात ती माणसे, धर्म प्रेमच शिकवतो, हे उत्तर तोंडाशी आले होते. पण नववी-दहावीच्या मुलांना ते पुरत नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पुरले नाही. "पुढच्या रविवारी सांगतो," म्हणून वेळ मारून नेली.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांना रवांडा देशाबद्दल सांगितले. १९९४ साली तिथले बहुतेक लोक ख्रिस्ती होते, निम्म्याहून अधिक कॅथलिक. हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, चर्च एक. पण बेल्जियन राजवटीपासून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात लिहिलेली असे. त्या वर्षी ईस्टर ३ एप्रिलला होता. ७ एप्रिलला कत्तल सुरू झाली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, त्यांतले बहुतेक तुत्सी.

जीव वाचवायला लोक चर्चमध्ये धावले, कारण पूर्वीच्या दंगलींत तिथे आसरा मिळाला होता. न्यांगे गावच्या चर्चमध्ये दीड-दोन हजार माणसे जमली होती. बुलडोझर लावून ते चर्च त्यांच्याच अंगावर पाडले गेले. यात सामील असलेल्या तिथल्या धर्मगुरूला पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या व चर्चमधील माणसांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली.

त्याच दिवसांत गिसेन्यी शहरात फेलिसिते नियितेगेका नावाची एक कॅथलिक सेविका होती. ती हुतू, भाऊ लष्करात अधिकारी. तिने तुत्सींना घरात लपवले, कित्येकांना सीमेपलीकडे जायला मदत केली. भावाने तिला निघून जायला सांगितले, तेव्हा आसऱ्याला आलेल्यांना सोडून आपण एकटी वाचणार नाही, असे तिने कळवले. त्यांच्याबरोबरच तिलाही मारण्यात आले.

बाप्तिस्मा दोघांचाही झाला होता, त्या धर्मगुरूचा आणि फेलिसितेचा. एकाच्या लेखी ओळखपत्रावरची जमात मोठी ठरली, दुसरीच्या लेखी बाप्तिस्मा मोठा ठरला. आम्ही मुलांना म्हटले, धर्म माणसाला शांत करतो की हिंसक, हे त्यावर ठरते. आपला धर्म आपण आपल्या जातीच्या, भाषेच्या, रक्ताच्या खाली ठेवतो की वर?

आम्हाला वाटले, विषय संपला. पण तोच मुलगा पुन्हा म्हणाला, "टीचर, ईस्टरच्या मिस्सात त्यांनी एकमेकांना शांतीची खूण दिली असेल ना?" आणि थोडे थांबून, "तुम्ही त्या कन्नड आंटींना हात जोडत नाही."

वर्ग एकदम गप्प झाला.

आमच्या बेळगावात मराठी-कन्नड वाद १९५६ पासूनचा. तो चर्चच्या पायरीवर थांबतो, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. पण सणाच्या नोव्हेनात कुठल्या भाषेत किती गाणी, यावरून सभेत शब्दाला शब्द वाढला होता. आमचे बोलणेही काही कमी लागट नव्हते. त्यानंतर शांतीची देवाणघेवाण आली की आम्ही आपल्या बाकावरच्या चार ओळखीच्यांकडे वळायचो. मागच्या बाकावर त्या बाई उभ्या आहेत, हे ठाऊक असायचे. म्हणूनच मागे वळत नव्हतो. कुठे रवांडा आणि कुठे आमची गाणी! पण मागे न वळण्याची सवय कुठून सुरू होते, ते मुलाने बरोबर पाहिले होते.

अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूने सांगितले आहे. हा पाठ आम्ही दर वर्षी शिकवतो. त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघी बाईंच्या दारात उभ्या राहिलो. त्यांनी आत घेतले, चहा केला. आम्ही माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मीही जास्त बोलले होते." गाण्यांचा वाद तिथे मिटला नाही, अजूनही पुरता मिटलेला नाही. पण रविवारी आम्ही मागे वळलो. त्यांनी आधीच हात जोडले होते.

या रविवारी शांतीची खूण देताना आपण कोणाकडे वळत नाही, ते प्रत्येकाने पाहावे, एवढेच आमचे सांगणे.

प्रभू, जगाच्या शांतीसाठी आम्ही रोज प्रार्थना करतो. आज मागच्या बाकाकडे वळायचे धैर्य दे. आमेन.