श्वासाची मुदत

ज्या रासायनिक क्रिया विकराच्या साहाय्यावाचून शरीरात घडूच शकत नाहीत, त्यांच्याविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जी क्रिया आपली आपण घडते, जिला वरकरणी कोणाच्याही मदतीची गरज दिसत नाही, तिच्यासाठीही सृष्टीने एका विकराची तजवीज करून ठेवावी, ही गोष्ट जीवरसायनाच्या अभ्यासात मला सर्वाधिक विचार करावयास लावीत आली आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्याशी संयोग पावून बायकार्बोनेट व हायड्रोजन आयन निर्माण होतात, ती ही क्रिया. आणि कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज हे ते विकर.

पेशींत निर्माण होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७० टक्के भाग रक्त बायकार्बोनेटच्या रूपाने वाहून नेते, आणि फुप्फुसात त्याचा पुन्हा वायू होतो. विकर नसते तर या रूपांतरास कित्येक सेकंद लागले असते. उलट, माणूस स्वस्थ बसलेला असतानाही फुप्फुसाच्या केशवाहिनीत रक्ताचा मुक्काम जेमतेम पाऊण सेकंदाचा. रसायनाच्या संथपणाचा आणि रक्ताच्या या वेगाचा मेळ बसेना, त्या शंकेतूनच शोध लागला: १९३३ साली केंब्रिजच्या मेल्ड्रम व रफ्टन यांनी तांबड्या पेशींतील हे विकर हिमोग्लोबिनाहून निराळे असल्याचे दाखवून दिले, आणि पुढे १९४० च्या सुमारास केलिन व मान यांनी त्यात जस्त असल्याचे सिद्ध केले.

त्या जस्ताचे कार्य पाहण्यासारखे आहे. हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या तीन घटकांनी धरून ठेवलेला हा एकच अणू स्वतःशी जोडलेल्या पाण्याच्या रेणूतील प्रोटॉन सैल करतो. उरलेला हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइडवर जाऊन बायकार्बोनेट घडवितो. आणि विकराचा एक रेणू हा सारा व्यवहार सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा पुरा करतो.

जठरातील आम्ल, मूत्रपिंडातील आम्ल-अल्कलीचा समतोल, डोळ्यातील जलद्रव, कोंबडीच्या अंड्याचे कवच, या सर्वांमागे हेच विकर आहे. म्हणून त्याला रोखणारे अ‍ॅसिटाझोलामाइड काचबिंदूत डोळ्यातील दाब उतरविते. उलट, ज्यांना या विकराचा दुसऱ्या क्रमांकाचा प्रकार जन्मतःच लाभत नाही, त्यांची हाडे अतिघन असूनही ठिसूळ होतात आणि रक्तातील आम्लता वाढते. आपल्या शेतातील ज्वारी व ऊस यांच्या पानांतही त्याची कामगिरी मोलाची आहे. कारण तेथे कार्बन ग्रहण करणाऱ्या पहिल्या विकराला वायू चालत नाही, बायकार्बोनेटच लागते.

परंतु सर्वांत विस्मयकारक वाटतो तो याचा वंशवृत्तांत. प्राण्यांतील, वनस्पतींतील आणि मिथेन निर्माण करणाऱ्या आद्यजीवांतील या विकरांची घडण तपासली, तर त्यांची कुळे परस्परांशी नाते नसलेली आढळतात. म्हणजे स्वतंत्र मार्गांनी निघून ती एकाच क्रियेवर आणि बहुधा जस्तावरच येऊन पोचली. समुद्रातील एका डायटमाने तर जस्ताच्या दुर्भिक्षात, एरवी विषारी असलेल्या कॅडमियमकडून हेच काम करवून घेतले आहे. इतक्या भिन्न जीवांना ज्याची निकड स्वतंत्रपणे भासली, ते साधन गौण कसे मानावे? म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आग्रहाने सांगत आलो आहे की, एखादी क्रिया शक्य आहे काय, एवढे विचारून अभ्यासकाने थांबू नये. जिवाला जेवढी मुदत आहे तेवढ्यात ती पुरी होते काय, हेही विचारावे, कारण जीवनाचा निर्वाह या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.