उटीचा उतार आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

उटीत दोन दिवस मुक्काम झाला, बोटिंग झाले, बागेत फोटो काढून झाले की सहकुटुंब आलेल्या पर्यटकांचा पुढचा बेत बहुधा मुदुमलाईच्या जंगलाचा असतो. तिकडे उतरायला दोन वाटा आहेत. गुडलूरवरून जाणारी लांबची आणि कल्हट्टी घाटातून जाणारी, तिच्याहून बऱ्याच कमी अंतराची. नकाशावर ही दुसरी फारच मोहक दिसते. पण सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या उटीपासून मसिनगुडीपर्यंतचा हजार मीटरहून अधिक उतार ती ३६ तीव्र वळणांत उतरते. झाडी विरळ होते, हवा उबदार होत जाते आणि खाली सिगूरचे पठार पसरलेले दिसू लागते. दृश्य सुंदर असते, पण चालकाने ते पाहू नये हे बरे!

ब्रेक निकामी होऊन इथे इतके अपघात झाले, की बाहेरगावच्या गाड्यांना या वाटेने उतरायला मनाई करण्यात आली. तेव्हा नियमाची चौकशी उटीतच करावी. गुडलूरचा रस्ताही घाटाचाच आहे, म्हणून गाडीची तपासणी मात्र दोन्हीकडे हवी.

भारतात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते २०१९ मध्ये. त्याआधीच्या ज्या गाड्यांना ते आहे, त्यांचा पिवळा दिवा उटीच्या पावसाळी थंडीत हमखास डोके वर काढतो. गाडी सुरू करताना तो काही क्षण पेटून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर एबीएसने स्वतःला बंद करून घेतले आहे. साधा ब्रेक तेव्हाही लागतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाके जाम होऊन गाडी घसरू शकते. सोबत लाल दिवाही पेटला, तर ऑइल कमी झालेले असू शकते. अशी गाडी जागची हलवूच नये. दिव्यावर स्टिकर चिकटवणारे बहाद्दरही असतात, त्यांना काय म्हणावे?

दोष अनेकदा किरकोळ निघतो. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसतो, त्याची वायर घासून तुटते, दातेरी रिंग गंजते किंवा तडकते. कधी चाकाचे बेअरिंग सैल असते, तर कधी बॅटरी अशक्त. गाडी थांबता थांबता, अगदी हळू वेगातही पेडल थरथरत असेल तर संशय आधी सेन्सर आणि रिंगवर घ्यावा. स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये कोणते चाक तक्रार करते आहे ते लगेच कळते. पार्ट बदलण्यापूर्वी वायर आणि जोड तपासून घ्यावेत, नाहीतर खर्च होऊनही दिवा तसाच राहतो.

मात्र दिवा विझला म्हणजे घाट जिंकला असे नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण तापलेल्या ब्रेकला ते थंड करू शकत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेले १५५ अंशांच्या आसपासच उकळू शकते. मग वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणूनच ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे आणि उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर सोडू नये. जळका वास आलाच तर रुंद जागा पाहून गाडी उभी करावी आणि चाके थंड होईपर्यंत मुलांना थर्मासमधला चहा-बिस्किटे द्यावीत. मुदुमलाईचे हत्ती तेवढी वाट पाहतात.