सात घरं

आजोळी मांजर व्याली की आजी आधी जागा विचारायची. पिल्लं किती, ते नंतर. "कुठं घातलीन या खेपेला?" माळ्यावर, भाताच्या कणगीमागं, एकदा तर आजोबांची ठेवणीतली धोतरं होती त्या पेटीत. जागा कळली की हुकूम सुटायचा : "तिकडं कुणी फिरकायचं नाही. माणसाचा हात लागला तर हलवील." आम्ही फिरकलो नाही तरी ती हलवायचीच. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, असं आजी म्हणायची. का, असं विचारलं तर, "तशी रीतच आहे." राजापूर तालुक्यातल्या त्या घरात बऱ्याच प्रश्नांना हेच उत्तर असायचं.

मी आठ वर्षांचा असेन. आषाढ होता. माळ्यावरचं एक कौल फुटलं आणि मनीच्या बाळंतघरात पाणी टपकायला लागलं. तिनं एकेक पिल्लू मानगुटीला धरून शिडीवरून उतरवलं आणि माजघरातल्या अडगळीत नेलं. तीन झाली. चौथं आणायला काही ती गेली नाही. मी वाट पाहून पाहून वर गेलो. पिल्लू कोपऱ्यात एकटंच पडलं होतं. हात लावायचा नाही हे विसरून मी ते उचललं, तर ओल्या बटाट्यासारखं गार. डोळे उघडायचे होते, तोंड मिटलेलं, हूं नाही की चूं नाही. मेलंच असं समजून मी रडत खाली आलो.

आजीनं ते पदरात घेतलं. टोपलीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या घातल्या आणि टोपली चुलीच्या उबेला ठेवली, फार जवळ नाही. वर म्हणाली, "दूध पाजायला जाऊ नकोस हो. आधी ऊब." बऱ्याच वेळानं एक पाय हलला. मग सुईसारखी बारीक हाक आली. माजघरात तिघांना पाजत असलेल्या मनीचे कान त्या क्षणी वळले. ती उठली, पोटाची तिन्ही पिल्लं तशीच लोंबती सोडून स्वयंपाकघरात आली, माझ्याकडं न बघता टोपलीत तोंड घातलं आणि चौथं उचलून चालती झाली.

मला राग आला होता. "टाकून गेली होती ना? मग आता कशी आली?"

"तेव्हा ते हाक मारत नव्हतं," आजी म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

पुढं पुष्कळ वर्षांनी वाचलं ते आजीच्या बोलण्याला धरूनच होतं. मांजराचं नवजात पिल्लू शंभरेक ग्रॅमचं असतं. दिसत नाही, ऐकू जवळजवळ येत नाही. आईच्या गुरगुरण्याची थरथर मात्र अंगाला कळते, आणि वास आणि ऊब हुंगत ते पोटाशी पोचतं. पहिल्या काही दिवसांतच बहुतेक पिल्लं आपापलं आचळ ठरवून टाकतात. स्वतःची ऊब मात्र त्याला सुरुवातीचे काही आठवडे राखता येत नाही. गार पडलेलं पिल्लू चोखत नाही, पाजलेलं पचवत नाही, ओरडतही नाही. आणि जे गार आहे आणि गप्प आहे, ते मांजरीच्या लेखी पिल्लूच राहत नाही. यात तिचा निष्ठुरपणा शोधणं हे आपलं माणसांचं काम.

आमच्या स्वतःच्या घराचं म्हणाल तर वडील पाटबंधारे खात्यात. धरण जिथं, तिथं वसाहत, आणि वसाहत तिथं आम्ही. कोयनानगर, मग जायकवाडीसाठी पैठण, मग उजनीचं भीमानगर, मध्ये दोन लहान गावं. सात घरं काही झाली नाहीत. मी मोजली, पाचच भरतात. बदलीचा कागद आला की मी दाराच्या चौकटीला धरून बसायचो. मला अक्षरशः सोडवून ट्रकमध्ये चढवावं लागे. धाकटी बहीण गाद्यांच्या ढिगावर झोपून जायची ती नव्या गावात जागी व्हायची. आणि सगळं सामान चढलं, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं की आई हटकून खाली उतरायची. "आले हं," म्हणून रिकाम्या घरात पुन्हा एक फेरी. वडील चिडायचे. काही राहिलेलं कधी सापडलं नाही. एकदा कपडे वाळत घालायचा चिमटा सापडला, तो तिनं विजयानं दाखवला होता.

श्रीवैष्णवांमधला मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर न्यायांचा वाद मी कॉलेजात असताना पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला आमचा ट्रकच आठवला. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून राहतं. भक्तानंही स्वतः धरलं पाहिजे, असं वडकलै म्हणतात. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच उचलते. देवही तसाच उचलतो, असं तेंकलै. म्हणजे मी वडकलै आणि बहीण तेंकलै. पण आचार्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, माजघरात बसून मांजर पाहिलेल्या मुलाला ही उपमा थोडी अपुरी वाटते. मानगूट धरली की पिल्लू अंग सैल सोडतं, मागचे पाय पोटाशी घेतं, शेपटी आत वळवतं. तसं केलं नाही तर ते पायरीपायरीवर आपटेल. आणि त्याच्याही आधी त्यानं हाक मारलेली असते. काहीच न करणारं पिल्लू मी एकच पाहिलं, ते माळ्यावर राहिलं होतं.

भीमानगरला बंबाच्या लाकडांच्या खोलीत दोन मांजरी पाचेक दिवसांच्या अंतरानं व्यायल्या. मायलेकीच होत्या. आठवड्याभरात दोघींनी पिल्लं एकाच पोत्यावर आणली आणि मग कुणाचं कोणतं हे आम्हालाच काय, त्यांनाही सांगता आलं नसतं. एक हिंडायला गेली की दुसरी सगळ्यांना पाजायची, सगळ्यांची ढुंगणं चाटायची. (लहानपणी मला ते चाटणं म्हणजे नुसते लाड वाटायचे. चाटल्याशिवाय त्या वयाच्या पिल्लाला शी-शूसुद्धा होत नाही.) मावशी, आजी, आई असं सगळं त्या एका पोत्यावर होतं. नात्यातल्या मांजरी असं करतात. परकी आली तर फिस्कारून हाकलतात.

बोक्याची गोष्ट मात्र वेगळी. वसाहतीतल्या सगळ्या बायका बोका दिसला की चप्पल उचलायच्या, कारण बोका पिल्लं खातो. परका बोका कधीकधी पिल्लं मारतो हे खरंच आहे. पाजणं थांबलं की मांजरी पुन्हा माजावर येते, त्यात त्याचं साधतं. पण प्रत्येक बोका खुनी नसतो. आमच्याकडचा एक फाटक्या कानाचा म्हातारा त्या पोत्यापासून दोन हातांवर उन्हात पडलेला असायचा आणि पिल्लं त्याच्या शेपटीशी खेळायची. ती त्याची असतील किंवा अर्धीच असतील. एकाच वेताच्या पिल्लांचे बाप दोन-तीन असू शकतात. चपला मात्र त्यानं भरपूर खाल्ल्या.

गेल्या मार्चमध्ये पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टीव्हीच्या खोक्यात चार पिल्लं झाली. मी निवृत्त, त्यामुळं पहाऱ्याला मोकळा. दहाव्या दिवशी पहिला डोळा किलकिला झाला. महिन्यानं आईनं मेलेली पाल आणून पुढ्यात टाकली आणि घशातून वेगळाच, बोलावल्यासारखा आवाज काढला. पुढच्या आठवड्यात अर्धमेली आणली. त्यानंतर चांगली पळणारी आणली, आणि पळाली तेव्हा आधी पिल्लांकडं पाहिलं, मग स्वतः झडप घातली. अडीच महिन्यांची झाल्यावर सगळ्यात धिटुकलं आचळाशी गेलं तर तिनं थोबाडीत ठेवून दिली.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. पिल्लं तीन आठवड्यांची असताना पार्किंग धुवायला माणसं आली. त्यांनी खोक्याला हात लावला नव्हता, नुसती पाइपची गडबड. ती पाणी थांबेपर्यंत भिंतीवर बसून राहिली. मग उतरली आणि मीटर-खोलीच्या मागच्या फटीत एकेक पिल्लू न्यायला लागली. मी गाडीला टेकून मोजत होतो. एक. दोन. तिसऱ्याच्या वेळी पकड निसटली, तिनं खाली ठेवून नीट धरलं. चौथं ओरडत होतं, ते गेलं.

मी घरी जायला वळलो तर ती पुन्हा आली. खोक्याच्या काठावर पुढचे पाय ठेवून आत उतरली, चिंध्या हुंगल्या, एक कोपरा पंजानं उकरला. मान वर करून जरा वेळ ऐकत राहिली. आत काही नव्हतं. मग बाहेर पडून, ओल्या फरशीवर पाय झटकत, ती मीटर-खोलीकडं गेली.